आलेखांचे उदाहरण-दालन : मांडणी कशी असावी?

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके हा भेद सर्वांच्या बोलण्यात असतो. दक्षिणेकडील पठार, मधले पूर्णेचे खोरे आणि उत्तरेस सातपुड्याचा पायथा अशी या जिल्ह्याची रचना आहे. पूर्णाकाठच्या काही गावांत विहिरीला पाणी लागते, पण ते खारे असते. पठारावरील अनेक गावांत पाणी गोडे असते, पण उन्हाळ्यापर्यंत ते पुरत नाही. अशा जिल्ह्यात पाण्याचा विचार केवळ अंदाजाने करून चालत नाही. त्यासाठी आकडे लागतात आणि ते आकडे सर्वांना समजतील अशा रीतीने मांडावे लागतात.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेमार्फत निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजण्यात येते. हे मोजमाप जमिनीपासून पाण्यापर्यंतच्या खोलीचे असते. समजा, एखाद्या विहिरीत ऑक्टोबरमध्ये पाणी ३ मीटरांवर होते आणि पुढील मे महिन्यात ते ९ मीटरांवर गेले. हे आकडे संगणकाला देऊन रेषालेख काढण्यास सांगितले, तर ऑक्टोबरपासून मेपर्यंत रेषा वर चढत जाते. असा आलेख ग्रामसभेत भिंतीवर लावला आणि तो पाहून एखाद्या ग्रामस्थास उन्हाळ्यात पाणी वाढले असे वाटले, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही. आकडे खरे आहेत, गणित बरोबर आहे, तरीही चित्र उलटे आहे.

यावरील उपाय एका ओळीचा आहे. आलेखाचा उभा अक्ष उलटा करावयाचा, म्हणजे शून्य वर येते आणि खोली खाली वाढत जाते. मग विहिरीत पाणी जसे उतरते तशीच रेषाही उतरते. ही ओळ कशी लिहावी हे दाखविणारे उदाहरण आलेख काढण्याच्या एका प्रसिद्ध मुक्त संगणक-प्रणालीच्या उदाहरण-दालनात उपलब्ध आहे. प्रश्न एवढाच की, विहिरीचा आलेख काढू पाहणाऱ्या शिक्षकाला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला ते तेथे सापडेल काय? याचे उत्तर त्या दालनाच्या मांडणीवर अवलंबून आहे, आणि म्हणूनच मांडणीचा हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

मुक्त प्रणाली आणि तिचे दालन

ज्या प्रणालीची मूळ आज्ञावली कोणासही पाहता येते, वापरता येते, बदलता येते आणि दुसऱ्यास देता येते, तिला मुक्त स्रोत प्रणाली म्हणतात. शाळा आणि ग्रामपंचायती यांच्या दृष्टीने तिचा पहिला लाभ म्हणजे परवान्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. एका शाळेने तयार केलेला आलेख आज्ञावलीसह दुसऱ्या शाळेस देण्यास कोणतीही आडकाठी राहत नाही.

आलेख काढणाऱ्या अशा प्रणालींची परंपरा आता बरीच जुनी झाली आहे. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी आरंभिलेली ग्नूप्लॉट ही प्रणाली १९८६ पासून वापरात आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात संख्याशास्त्रासाठी आर ही भाषा तयार केली. अमेरिकेतील जॉन हंटर हे मेंदूविषयक संशोधन करीत असताना अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत् नोंदी पाहण्यासाठी त्यांना सोयीचे साधन हवे होते. त्यातून मॅटप्लॉटलिब ही प्रणाली निर्माण झाली आणि २००३ मध्ये ती प्रथम सर्वांसाठी खुली करण्यात आली. हंटर यांचे २०१२ मध्ये निधन झाले. प्रणालीचे काम मात्र जगभरातील स्वयंसेवक पुढे चालवीत आहेत.

या मालिकेत एक नाव आपल्या जवळचे आहे. त्रिमिती आलेख काढणारी मायावी ही प्रणाली प्रभू रामचंद्रन यांनी विकसित केली असून ते मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक आहेत. प्रणालीचे नावही संस्कृतातून घेतलेले आहे.

अशा प्रत्येक प्रणालीसोबत सविस्तर माहितीपुस्तिका असते. परंतु नवा माणूस पुस्तिकेपासून क्वचितच आरंभ करतो; तो प्रथम चित्रे पाहतो. लहान लहान आलेखांच्या रांगा लावलेल्या असतात. हवा तसा आलेख निवडला की तो मोठा दिसतो आणि ज्या आज्ञावलीमुळे तो उमटला ती संपूर्ण आज्ञावली त्याच्याखाली असते. ती उतरवून घ्यावी, त्यातील आकडे काढून आपले घालावेत, की आपला आलेख तयार होतो. कृषी खात्याच्या पीक प्रात्यक्षिकाशी याची तुलना करता येईल. नव्या वाणाची माहिती देणारी पुस्तिका शेतकरी बाजूला ठेवील, पण शेजारच्या शिवारात उभे असलेले पीक बांधावरून पाहील आणि मग बियाणे कोठे मिळाले ते विचारील.

मांडणी कोणाच्या सोयीची?

आरंभी दालनात दहा-वीस उदाहरणे असतात, तेव्हा मांडणीचा प्रश्न उद्भवत नाही. नवे वैशिष्ट्य तयार झाले की ते तयार करणारा स्वयंसेवक त्याचे एक उदाहरण जोडतो. अशा रीतीने वर्षानुवर्षे भर पडत जाते. आज मॅटप्लॉटलिबच्या दालनात शेकडो उदाहरणे आहेत. रेषा, स्तंभ आणि खुणा, प्रतिमा, समोच्चरेषा आणि क्षेत्रे, सांख्यिकी, वृत्तालेख, मजकूर आणि टिपणे, रंग, अशा विभागांत ती लावलेली आहेत.

ही वर्गवारी चुकीची नाही. मात्र ती प्रणालीचे अंतरंग जाणणाऱ्याच्या सोयीची आहे. अक्ष उलटा करण्याचे उदाहरण अक्षांच्या विभागात असणे हे त्या दृष्टीने रास्तच होय. परंतु विहिरीच्या पाण्याचे आकडे हाती असलेल्या माणसास आपल्याला उलट्या अक्षाची गरज आहे हेच मुळी ठाऊक नसते. ते ठाऊक असते, तर निम्मे काम झालेलेच होते. उत्तराच्या नावाने लावलेले दालन प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला वाट दाखवीत नाही.

ग्रंथालयांनी ही अडचण पूर्वीच सोडविली आहे. पुस्तक फळीवर एकाच जागी राहते. परंतु लेखक, शीर्षक आणि विषय अशा निरनिराळ्या पत्रिकांवरून त्या जागेपर्यंत पोहोचता येते. उदाहरण-दालनासही हाच न्याय लागू पडतो. मूळ वर्गवारी मोडण्याचे कारण नाही. तीवर वाचकाच्या प्रश्नांची दुसरी सूची चढविली पाहिजे. मोठ्या प्रणालींचे चालकही याच दिशेने गेले आहेत. मॅटप्लॉटलिबने २०२१ च्या सुमारास मुख्य दालनापुढे एक छोटे दर्शनी दालन उघडले. तेथे आलेखांचे मोजकेच मूळ प्रकार असून जोडीने येणारी माहिती, सांख्यिकीय वितरण, चौकटीत मांडलेली माहिती अशा रीतीने, म्हणजे वाचकाच्या हाती काय आहे यावरून, ते लावलेले आहेत. पुढे उदाहरणांना विषयखुणा जोडण्याचे कामही हाती घेण्यात आले.

आपल्याकडील वाचकाच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. बालभारतीच्या पुस्तकांतून जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख, आयतालेख, वृत्तालेख हे शब्द विद्यार्थी शिकतात. दालनात हेच आलेख इंग्रजी नावांनी असतात. शिक्षकाला आलेख माहीत असतो, नाव मात्र परके वाटते. म्हणून आपल्यासाठीच्या सूचीत पाठ्यपुस्तकातील मराठी संज्ञा ही पहिली किल्ली असली पाहिजे.

लोणारचे एक उदाहरण

उदाहरण कसे असावे आणि त्यात काय राहून जाते, हे पाहण्यासाठी मायावीच्या दालनातील एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. त्यात अमेरिकेतील ग्रँड कॅनियन या प्रचंड घळईचे त्रिमिती चित्र काढलेले आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अंतराळयानातून रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजण्यात आली. ती माहिती आज सर्वांस मोफत मिळते. एक अंश लांब आणि एक अंश रुंद अशा चौकोनांत ती विभागलेली असते आणि प्रत्येक चौकोनास त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याच्या अक्षांश-रेखांशावरून नाव दिलेले असते. कॅनियनच्या उदाहरणात उत्तर ३६, पश्चिम ११३ हा चौकोन वापरला आहे.

आता हेच उदाहरण आपल्या लोणारच्या विवरास लावता येईल काय? लोणार सरोवराचे स्थान सुमारे १९ अंश ५८ मिनिटे ३६ सेकंद उत्तर आणि ७६ अंश ३० मिनिटे ३० सेकंद पूर्व असे आहे. म्हणून आपल्याला उत्तर १९, पूर्व ७६ हा चौकोन हवा. त्यात ३,६०१ ओळी आणि ३,६०१ स्तंभ असतात, म्हणजे दर सेकंदाला एक बिंदू. ओळी उत्तरेकडून मोजावयाच्या असतात. चौकोनाची उत्तर सीमा २० अंशांवर आहे. तेथून लोणार १ मिनिट २४ सेकंद, म्हणजे ८४ सेकंद दक्षिणेस आहे. पश्चिम सीमेपासून ३० मिनिटे ३० सेकंद, म्हणजे १,८३० सेकंद पूर्वेस आहे. तेव्हा सरोवराचा मध्य सुमारे ८४ व्या ओळीत आणि १,८३० व्या स्तंभात सापडेल. एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३० मीटर, आणि विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे विवराने सुमारे ६० घरे व्यापलेली असणार. मध्यापासून चारही बाजूंस ६० घरे घेतली, तर विवर आणि सभोवतालचा परिसर नीट दिसतो. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यास भूगोल आणि अंकगणित यांचा मेळ घालून करता येईल असे हे काम आहे.

परंतु एवढ्याने काम पूर्ण होत नाही. मूळ उदाहरणात रंगांची मर्यादा १,२०० ते १,६१० मीटर उंचीसाठी बांधलेली आहे, कारण कॅनियनचा तो भाग तेवढ्या उंचीवर आहे. लोणारची जमीन त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. ही मर्यादा तशीच राहिली तर कडा, उतार आणि सरोवर हे सर्व एकाच रंगात रंगून निघतील. तसेच जेथे मोजमाप मिळाले नाही तेथे माहितीत उणे ३२,७६८ असा सांकेतिक आकडा भरलेला असतो. तो दुरुस्त न केल्यास भूपृष्ठावर नसलेले पाताळ दिसू लागते. मूळ उदाहरणात ही दुरुस्ती केलेली आहे, पण ती ओळ निरुपयोगी समजून कोणी गाळली की घोटाळा होतो.

तात्पर्य, प्रत्येक उदाहरणात काही आकडे त्या विशिष्ट ठिकाणाचे असतात आणि काही रीत सर्व ठिकाणांची असते. चांगले उदाहरण या दोहोंतील भेद स्पष्ट करते.

उदाहरणाची अंगे

वरील विवेचनावरून उदाहरण आणि दालन यांच्यासाठी काही नियम ठरविता येतात.

१. शीर्षक प्रश्नरूप असावे. 'उलटा अक्ष' याऐवजी 'विहिरीतील पाण्याची खोली वर्षभर कशी बदलते?' असे शीर्षक असावे. अक्ष उलटा का केला ते पुढील दोन वाक्यांत सांगावे.

२. उदाहरण लहान, पण संपूर्ण असावे. आकडे त्याच्यासोबतच असावेत. उतरवून घेतल्याबरोबर, काहीही न बदलता, ते चालले पाहिजे. एका उदाहरणात एकच गोष्ट शिकवावी.

३. बदलावयाच्या ओळी आरंभी एकत्र ठेवाव्यात. गावाचे नाव, माहितीची फाइल, वर्ष, अक्षांच्या आणि रंगांच्या मर्यादा या गोष्टी आज्ञावलीच्या मध्ये विखुरलेल्या असू नयेत.

४. चूक कोठे होते ते दाखवावे. जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये २२,३२,४८० आणि २०११ मध्ये २५,८६,२५८ होती. ही वाढ १५.८५ टक्के आहे. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी २० लाखांपासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या अडीचपट उंच दिसतो. बरोबर आणि चुकीचा असे दोन्ही आलेख शेजारी ठेवल्यास हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

५. आलेखाची निवड का केली ते सांगावे. जिल्ह्यातील १३ तालुक्यांची तुलना वृत्तालेखात केली, तर तेरा पाकळ्यांत लहानमोठे ओळखू येत नाही. आडव्या स्तंभांत ती तुलना एका दृष्टिक्षेपात होते आणि तालुक्यांची नावेही सरळ वाचता येतात.

६. चित्र आज्ञावलीतूनच तयार झालेले असावे. चित्र एकीकडे आणि आज्ञावली दुसरीकडे ठेवली, तर कालांतराने दोहोंचा मेळ राहत नाही. यासाठी स्फिंक्स-गॅलरी नावाचे मुक्त साधन उपलब्ध आहे. सायकिट-लर्न या प्रणालीच्या दालनातून ते विकसित झाले आणि २०१७ मध्ये मॅटप्लॉटलिबनेही ते स्वीकारले. हे साधन प्रत्येक उदाहरण प्रत्यक्ष चालवून पाहते आणि त्यातून निघालेले चित्रच दालनात लावते. एखादे उदाहरण मोडले, तर ते तयार करतानाच कळून येते.

७. जुने काढण्याची तयारी असावी. एकच गोष्ट शिकविणारी तीन उदाहरणे असतील, तर उत्तम ते ठेवून उरलेली दोन काढावीत. दालनात भर घालणे सर्वांस आवडते. निवड करण्याचे काम मात्र कोणावर तरी सोपवावे लागते.

देवनागरीची अडचण

आपल्या दालनात एक उदाहरण असे हवे की जे परदेशी दालनात सहसा आढळत नाही. ते म्हणजे देवनागरी नावे असलेला आलेख. मॅटप्लॉटलिबच्या मूळ टंकात देवनागरी अक्षरे नाहीत. त्यामुळे मराठी नावे दिली की त्यांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. देवनागरी टंक जोडल्यावर चौकोन जातात. परंतु या प्रणालीच्या अनेक आवृत्त्यांत अक्षरजोडणी नीट होत नाही. 'चिखली'तील पहिली वेलांटी 'च'च्या पुढे जाऊन बसते, 'संग्रामपूर'मधील 'ग्रा' फुटून 'ग' हलन्त आणि 'रा' असा वेगळा होतो. 'शेगाव' मात्र नीट उमटते. त्यामुळे चूक लगेच ध्यानात येत नाही.

ग्नूप्लॉटमध्ये कैरो या पद्धतीने चित्र काढल्यास अक्षरजोडणी बरोबर होते. कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीत कोणत्या मार्गाने मराठी नावे शुद्ध उमटतात, हे तालुक्यांच्या तेराही नावांवर करून पाहून दालनात नोंदवून ठेवले, तर प्रत्येक शाळेचे आणि कार्यालयाचे श्रम वाचतील. आलेखातील आपल्या तालुक्याचे नावच अशुद्ध असेल, तर त्यातील आकड्यांवर लोकांनी विश्वास का ठेवावा, असा प्रश्न उभा राहतो.

जिल्ह्यापुरते दालन

शेकडो उदाहरणांचे दालन जिल्ह्याला नको आहे. वीस-पंचवीस नेमकी उदाहरणे पुरेशी होतील. विहिरीची पातळी, तालुकावार पाऊस, लोकसंख्या आणि स्त्री-पुरुष प्रमाण, शाळेतील पटसंख्या आणि उपस्थिती, बाजार समितीतील दर, लोणारच्या विवराचा भूपृष्ठ आलेख, असे विषय सहज सुचतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात १३,३७,५६० पुरुष आणि १२,४८,६९८ स्त्रिया, म्हणजे दर हजार पुरुषांमागे ९३४ स्त्रिया होत्या. या आकड्यांचा आलेख काढणारा विद्यार्थी केवळ आलेख शिकत नाही, तो आपल्या जिल्ह्याविषयीही काही शिकतो.

या कामाची वाटणी स्वाभाविकपणे होऊ शकते. प्रश्न ग्रामपंचायतींकडून यावेत, आकडे संबंधित कार्यालयांकडून यावेत, आज्ञावली गणित आणि विज्ञान शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने लिहावी. तयार उदाहरण प्रथम अशा माणसाच्या हाती द्यावे की ज्याने ते लिहिलेले नाही. त्याला ते कोणासही न विचारता आपल्या गावासाठी बदलता आले, तरच ते दालनात घ्यावे. शिकण्यासाठी पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील छोटे दृक्‌श्राव्य पाठ उपलब्ध असून त्यांपैकी अनेक मराठीतही ऐकावयास मिळतात. त्याच संस्थेचा फॉसी हा प्रकल्प शिक्षणक्षेत्रात मुक्त प्रणालींचा प्रसार करीत आहे.

संगणक आणि प्रणाली आज दुर्मीळ राहिलेल्या नाहीत, आणि आकडेही कार्यालयांच्या दप्तरांत आहेत. उणीव आहे ती आकडा आणि ग्रामस्थ यांच्यामधील एका नीट लावलेल्या पायरीची. उदाहरण-दालन ही ती पायरी होय. ते असे लावले जावे की, टंचाई आराखड्यावर ग्रामसभेत चर्चा सुरू होण्यापूर्वी भिंतीवरील रेषा विहिरीतील पाण्याबरोबर खाली उतरलेली असेल, आणि ती पाहून मागे बसलेल्या ग्रामस्थालाही आपल्या गावाच्या पाण्याची स्थिती कोणी समजावून न सांगता कळेल.